वलणीवर काय वाळते आहे?

वाचकांचे प्रश्न : पोशाख

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची तक्रार एकाच वळणाची आहे : कपडे पुष्कळ साठले, पण ‘हे माझे’ म्हणावे असे त्यांत फार थोडे. जळगावात मी २६ वर्षे शिवणवर्ग चालवला असल्यामुळे उत्तरे देताना माझे लक्ष आरशाच्या आधी टेपकडे आणि रंगाच्या आधी कापडाच्या पोताकडे जाते, हे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी पाचोरा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. रोज स्कूटीवरून १४ किलोमीटर जाते. कपाटात चाळीसहून अधिक कुर्ते आणि जवळजवळ तितक्याच साड्या आहेत, तरी रोज सकाळी ‘आज काय घालू’ हा प्रश्न पडतोच. सहकारी शिक्षिकांच्या अंगावर जे छान दिसते ते मी घेते, पुण्याची बहीण पाठवते तेही घालून पाहते. पण आरशात पाहिले की कोणाचे तरी कपडे मागून आणल्यासारखे वाटते. स्वतःला शोभेल अशी स्वतःची शैली कशी शोधावी? (एक वाचिका, पाचोरा)

उत्तर : आपल्या पत्रातले ‘मागून आणल्यासारखे’ हे शब्द इतके नेमके आहेत की उत्तराचा धागा मी त्यांनाच बांधते. कपडा मागून आणलेला वाटतो तेव्हा तो एक तर आपल्या अंगाच्या मापाचा नसतो किंवा आपल्या दिवसाच्या मापाचा नसतो, आणि पुष्कळदा दोन्हीही नसतो. दुकानात आपण पहिलेच माप तेवढे पाहतो, आणि तेही घाईत.

प्रथम कपाट बंद करा. आपण काय विकत घेतले एवढेच कपाट सांगते. अंगावर प्रत्यक्ष काय चढते ते पाहायचे तर घरामागच्या वलणीवर पाहावे लागते. पुढचे १५ दिवस वलणीवरून काढलेला प्रत्येक कपडा नेहमीच्या जागी न ठेवता एका वेगळ्या खणात ठेवत चला, आणि तोच पुन्हा घालावासा वाटला तर त्या खणातूनच काढा. पंधरवडा संपेल तेव्हा त्या खणात बहुधा आठ-दहाच कपडे असतील. चाळीस कुर्त्यांपैकी आपले खरे कुर्ते तेवढेच. त्यांतले सर्वांत जास्त वेळा धुतले गेलेले पाच पलंगावर शेजारी शेजारी पसरा आणि त्या पाचांत सारखे काय आहे ते शोधा. मात्र रंग सोडून शोधा. रंग चटकन डोळ्यांत भरतो म्हणून आपण सगळे श्रेय त्याला देऊन मोकळे होतो. माझ्या वर्गाला भुसावळहून एक बाई येत असत. आपल्याला निळा रंग आवडतो अशी त्यांची ठाम समजूत होती, त्यामुळे त्या निळेच कपडे घेत आणि त्यांतले निम्मे पडून राहत. त्यांचे नेहमीचे पाच कुर्ते पसरले तेव्हा त्यांत दोनच निळे निघाले. उरलेल्यांत एक विटकरी, एक पिस्ता आणि एक पांढऱ्यावर काळी बुट्टी असलेला. पण पाचांच्याही बाह्या कोपराखाली चार बोटांवर संपत होत्या आणि पाचांचाही गळा पुढून उथळ, चौकोनाकडे झुकणारा होता. घरी खानावळ असल्यामुळे त्यांचे हात सतत पाण्यात आणि पिठात असत. पूर्ण बाही भिजे आणि आखूड बाहीत त्यांना अवघडल्यासारखे होई. त्यांची आवड होती ती त्या चार बोटांत, आणि त्या मात्र निळ्या रंगाच्या मागे दुकाने हिंडत होत्या.

त्यानंतर न घातल्या गेलेल्या ढिगाकडे वळा आणि प्रत्येक कपड्यापाशी थांबून त्याचे कारण वहीत एका ओळीत लिहा. जरीचे काम टोचते, आतून दिसते म्हणून स्लिप लागते, इस्त्रीवाचून घालता येत नाही, हात वर केला की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडलेली असते तिथे, ओढते, ओढणी खांद्यावर टिकत नाही, खिसा नाही, अशी ही कारणे फार किरकोळ वाटतील. पण तीच तीन-चार कारणे पुन्हा पुन्हा येऊ लागली की पुढच्या खरेदीत काय टाळायचे ते दुकानदाराला विचारावे लागत नाही. आहेराच्या साड्या मात्र या हिशेबात मुळीच धरू नका. आपल्याकडच्या लग्नसराईत साड्यांचा जो फेरा चालतो त्यात कोणाची आवड कोणाच्या कपाटात जाऊन बसेल याचा नेम नसतो. एकदा मला आलेल्या साडीच्या घडीतून मीच तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाला तरी लिहिलेली चिठ्ठी निघाली होती, आणि साडी तेवढ्या काळात एकदाही नेसली गेली नव्हती.

आता अंगाचे माप. तयार कुर्त्यावर ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ असे लिहिलेले असते त्यावर फारसे विसंबता येत नाही, कारण एका कंपनीचा ‘एल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’इतका निघतो. भारतीय अंगमापांना धरून प्रमाण ठरवण्यासाठीच ‘निफ्ट’ या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने २५,००० भारतीयांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. पण दुकानातल्या चिठ्ठ्यांचा गोंधळ आपल्याला रोजच निस्तरावा लागतो. तेव्हा पलंगावरच्या पाचांपैकी जो कुर्ता अंगावर सर्वांत चांगला बसतो तो सपाट पसरून त्याची मापे घ्या : एका मुंढ्याच्या शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत खांदा, काखेपासून काखेपर्यंतचे अंतर दुप्पट करून छाती, मग कंबर, घेर, बाही आणि पूर्ण उंची. हा कागद पर्समध्ये ठेवा आणि नवा कपडा घेताना आकड्याशी आकडा जुळवा. यांत सर्वांत आधी खांदा पाहावा. बाही जोडल्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती दोन बोटे खाली दंडावर उतरली की बाकी सगळे बेतशीर असूनही कुर्ता थोरल्या बहिणीचा दिसतो. काही कुर्त्यांचा खांदा मुद्दाम उतरता ठेवलेला असतो, तो प्रकार वेगळा. कडेची शिवण आत घेणे हे शिंप्याला दहा मिनिटांचे काम आहे आणि शिवणीत माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड, असेल तर कपडा सैलही करता येतो, पण खांदा आणि मुंढा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा कापावी लागते, आणि एवढी खटपट करायला चांगला कारागीरही नाखूश असतो. म्हणून कंबर सैल असलेला कुर्ता घ्यावा, पण खांद्यात न बसणारा कुर्ता कितीही आवडला तरी दुकानातच ठेवावा.

उंचीचे गणित घरच्या घरी सोडवता येते. एकरंगी चादर कुर्त्यासारखी खांद्यावरून समोर सोडून आरशापुढे उभ्या राहा आणि तिची खालची कड मांडीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत हळूहळू खाली आणा. दोन ठिकाणी तुमची उंची एकदम कमी झाल्यासारखी दिसेल आणि एखाद्या ठिकाणी अंग सुटसुटीत दिसेल. पोटरीच्या सर्वांत जाड भागावर कड आली की पाय आखूड दिसतात, ही बहुतेकींची अडचण. तिथून तीन बोटे वर किंवा खाली सरकले की ती दूर होते. जिथे बरे दिसते तिथे पिन लावा आणि खांद्यापासूनचे अंतर मोजून त्याच कागदावर लिहून टाका.

दिवसाचे माप मात्र कोणताही टेप घेत नाही, आणि आपल्या पत्रात तेच सर्वांत स्पष्ट लिहिलेले आहे : शाळा, आणि स्कूटीवरचे १४ किलोमीटर. शाळेपुरते म्हणायचे तर शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबाबत ज्या सूचना काढल्या त्यांत शिक्षिकांसाठी साडी, किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असा पोशाख सांगितला आहे. जीन्स, टी-शर्ट, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी टाळायला सांगितली आहे. त्यातले सगळेच मला पटते असे नाही. तरी आखणी झाल्यामुळे शोधायचे क्षेत्र लहान झाले, हा फायदा घ्यायला हरकत नसावी. कुर्ता ठरलेलाच असेल तर उरते ती बाही, गळा, उंची आणि कापड, आणि माणसामाणसाचा फरक खरे म्हणजे तिथेच दिसतो.

राहिला रस्ता. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि सनकोट व स्कार्फ यांच्याशिवाय बाई दुपारी गाडी बाहेर काढत नाही. म्हणजे आपला कुर्ता दिवसातून दोनदा सनकोटाखाली दाबला जाणार, हे धरूनच तो निवडायला हवा. फुगीर बाही सनकोटात चुरगळते, गळ्याचे जड भरतकाम स्कार्फच्या गाठीखाली घामेजते, आणि पायघोळ घेर किंवा मोकळी ओढणी चाकाशी गेली तर अपघाताचीच भीती. बहीण पुण्याहून पाठवते ते कुर्ते बहुधा येथेच नापास होत असावेत. त्यात तिच्या निवडीचा दोष नाही, आपल्या रस्त्याचा आहे. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे उन्हात उघड्या दंडापेक्षा सैल, लांब बाही अधिक सोसते, कारण ऊन थेट कातडीवर पडत नाही आणि आतून हवा खेळती राहते.

कापडाच्या बाबतीत थोडे आकडे देते. प्रमाणित हवामानात, म्हणजे २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, १०० ग्रॅम कोरडे सूत हवेतला साधारण साडेआठ ग्रॅम ओलावा धरते आणि १०० ग्रॅम पॉलिएस्टर जेमतेम ०.४ ग्रॅम. पॉलिएस्टर घातले की घाम कापडात न शिरता अंगावरच का राहतो, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. रेयॉन ओलावा सुतापेक्षाही जास्त धरतो आणि अंगावर छान पडतो, मात्र ओला झाला की अशक्त होतो, म्हणून तो पिळू नये आणि ओला असताना वलणीवर उभा टांगू नये. पाण्याच्या वजनाने त्याची उंची वाढते. काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस काढणाऱ्या घरांतल्या सुना उन्हाळाभर सुरतेच्या पॉलिएस्टरमध्ये वावरतात, हे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे. पण ते धुवायला सोपे, वाळते लगेच, इस्त्री लागत नाही आणि स्वस्त मिळते, तेव्हा दोष कोणाला द्यावा?

माझा स्वतःचा धडा मी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गिरवला. पंचविशीत असताना धुळ्याच्या एका दुकानातून ‘सिल्क’ म्हणून दिलेली अबोली रंगाची साडी मी हौसेने घेतली आणि माहेरी तीच नेसून खापरावरच्या पुरणपोळ्या करायला बसले. चुलीवर पालथे घातलेले खापर तापले होते, पोळी दोन्ही हातांवर फिरवून कोपरापर्यंत वाढवावी लागते त्यामुळे पदर सावरायला हात मोकळा नव्हता, आणि पाठीवरून घामाची धार लागली असताना साडीने त्यातला थेंबही टिपला नव्हता. लाकूड तडकले आणि दोन ठिणग्या पदरावर आल्या. भडका उडाला नाही. तांदळाएवढी दोन भोके पडली आणि त्यांच्या कडा काळ्या मण्यासारख्या कडक झाल्या. आईने ती कड नखाने दाबून पाहिली, वास घेतला आणि एवढेच म्हणाली, ‘हाई रेशीम नही शे.’ रेशीम जळाले तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून मणी होते आणि कातडीला चिकटले तर भाजते. तेव्हापासून मी महागाचे कापड घेताना कडेचे दोन दोरे मागून घेते आणि ते घरी चिमट्यात धरून काडीने पेटवून पाहते.

एवढे झाल्यावर पुढचे दोन महिने नवे काहीही न घेता एकच गोष्ट करा. पाचांपैकी सर्वांत आवडता कुर्ता मापाला देऊन तसाच एक शिवून घ्या आणि त्यात फक्त एक बदल करा, गळा किंवा कापड किंवा उंची. मापाला दिलेला कुर्ता धुऊन ढिला पडलेला असेल तर शिंप्याला तसे आधी सांगा, नाहीतर ढिलाईसकट नक्कल होते. नव्या कुर्त्यातला बदल मानवला तर पुढच्या कुर्त्यात तो कायम ठेवून दुसरा बदल करा. सहकारी शिक्षिकेच्या अंगावरचे आवडले तर जरूर घ्या, पण तिच्या अंगावरचे नेमके काय आवडले ते आधी स्वतःला विचारा. पुष्कळदा आपल्याला तिची उंची आवडलेली असते आणि आपण कुर्ता विकत घेऊन येतो.

प्रश्न : मी एस.टी.तून चालक म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. ३१ वर्षे खाकी गणवेश घातला, घरी लुंगी आणि लग्नकार्याला एक सफारी. मुलाने आता जीन्स आणि गोल गळ्याचे टी-शर्ट आणून दिले आहेत. ते घातले की पारावरची मंडळी हसतात. पत्नीचे म्हणणे की आता पांढरे कपडे घालावेत. माझे आजोबा १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेसला गेले होते आणि तेव्हापासून मरेपर्यंत त्यांनी खादीच घातली. त्यांची एक बंडी अजून पेटीत आहे. या वयात कोणता पोशाख शोभेल? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ज्याने ३१ वर्षे रोज एकच पोशाख घातला त्याला स्वतःची शैली नसते असे समजू नका; उलट इतका मोठा अनुभव फार थोड्यांपाशी असतो. गणवेशातले काय अंगवळणी पडले आहे ते आठवून पाहा. उभी कॉलर, अर्धी बाही, पुढून उघडणारी बटणे, आणि छातीवर झाकणाचे दोन खिसे. आता मुलाने आणलेल्या टी-शर्टकडे पाहा : त्याला खिसाच नाही. चष्मा, पेन, तंबाखूची किंवा बडीशेपेची डबी आणि सुटे पैसे ठेवायची सवय असलेला हात दिवसातून वीस वेळा छातीकडे जाऊन रिकामा परत येत असेल, तर माणूस अवघडलेला दिसणारच, आणि पारावरच्या मंडळींना तो अवघडलेपणाच दिसत असावा. जीन्सचे कापड सुतीच असते, परंतु ते जाड आणि घट्ट विणीचे असल्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिताचे नाही. डिसेंबरात खुशाल घाला, मुलाचेही मन राहील.

माझी सूचना अशी की अर्ध्या बाहीचे, दोन खिशांचे, जाडसर सुती शर्ट शिवून घ्यावेत आणि रंग खाकीच्याच घराण्यातले पण त्याहून मोकळे घ्यावेत : फिका बदामी, राखाडी, मातकट हिरवा, निळसर. पँटच्या बाबतीत शिंप्याला आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग, थोडे खोल ठेवायला सांगावे. ३१ वर्षे बसून काम केलेल्या माणसाचे पोट थोडे पुढे आलेले असते, आणि उथळ आसनाची पँट पोटाखाली घसरली की शर्ट कितीही चांगला असला तरी बाहेर येतो.

पांढऱ्याबद्दल पत्नींचे म्हणणे अगदीच चूक नाही, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. मात्र आपल्या भागात पांढरा नेहरू शर्ट आणि पायजमा घातलेल्या माणसाला लोक आधी पुढारी समजतात आणि मग नमस्कार करतात. आपल्याला ते चालणार असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय बोअरच्या जड पाण्यात पांढरे लवकर पिवळट पडते, नीळ रोजची मागे लागते, आणि ती कोणाच्या मागे लागते ते मी येथे लिहीत नाही.

खरी मोलाची वस्तू आपल्या पेटीत आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणजे फैजपूरचे. डिसेंबर १९३६मध्ये ते पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले होते, आणि खादी व ग्रामोद्योग यांचे प्रदर्शन हा त्याचा मोठा भाग होता. आजोबांची बंडी घालू नका, इतक्या वर्षांचे कापड घडीवरच फाटते. पण ती सपाट पसरून तिची मापे घ्या, खिसे किती आणि कुठे आहेत ते पाहा, आणि आपल्या छातीच्या मापाला ती बेतून खादीच्या कापडात नवी शिवून घ्या. हातसुताचा धागा एकसारखा नसल्यामुळे विणीत हवा राहते, आणि शर्टावर बंडी घातली की खिशांचाही प्रश्न सुटतो. पेटीतली मूळ बंडी मात्र घड्या बदलून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

प्रश्न : मी २३ वर्षांची असून वर्णाने सावळी आहे. घरात पाहण्याचे कार्यक्रम सुरू आहेत. प्रत्येक वेळी मावशी व काकू फिका गुलाबी किंवा मोतिया रंगच नेसायला लावतात, म्हणजे ‘उजळ दिसशील’. हे खरे आहे का? (एक वाचिका, धुळे)

उत्तर : नाही. अगदी फिका रंग शेजारी आला की त्याच्या तुलनेत त्वचा अधिक गडद भासते, हा डोळ्यांचा साधा व्यवहार आहे, म्हणजे मावशींच्या हेतूच्या नेमके उलटे घडते. डाळिंबी, मोरपंखी, वांगी, गडद हळदी, बाटलीहिरवा हे रंग सावळ्या वर्णाशी भांडत नाहीत. पण माझ्या यादीवरही विसंबू नका. आग्रा रोडवरच्या कोणत्याही दुकानात गेलात तरी साडी ट्यूबलाइटखाली ठरवू नका. ती हातात घेऊन दाराशी या, दिवसाच्या उजेडात पदर हनुवटीखाली धरा आणि बरोबरच्या व्यक्तीला विचारा की आधी काय दिसले, चेहरा की साडी. चेहरा आधी दिसला तर रंग आपला. आणि उजळ दिसण्याच्या अटीवर जे स्थळ पुढे सरकणार असेल त्याच्यासाठी साडी निवडण्याचा त्रास काकूंनी घेऊच नये, असे माझे मत त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातून शिरपूरला इंजिनीअरिंगसाठी आलो आहे आणि वसतिगृहात राहतो. वर्षाला कपड्यांसाठी तीन हजार रुपये मिळतात. वर्गातली मुले मोठ्या अक्षरांच्या कंपन्यांचे कपडे घालतात. एवढ्या पैशांत नीटनेटके कसे राहावे? (एक विद्यार्थी)

उत्तर : तीन हजारांत वर्ष काढता येते, मात्र सगळे पैसे एकदम खर्च करू नका, निम्मे जूनमध्ये आणि निम्मे दिवाळीनंतर. दोन पँट घ्या, एक गडद निळी आणि एक राखाडी किंवा मातकट, आणि चार शर्ट असे निवडा की त्यांतला प्रत्येक शर्ट दोन्ही पँटवर चालेल. म्हणजे सहा कपड्यांत आठ जोड होतात. एकाच पँटवर चालणारा शर्ट फुकट मिळाला तरच घ्या. पुढे मोठी छपाई असलेले टी-शर्ट टाळा, कारण वसतिगृहात बादलीत भिजवून ब्रशने धुतल्यावर सर्वांत आधी तडकतात ती ती अक्षरेच, आणि मग चांगल्या कापडाचा टी-शर्टही जुना दिसू लागतो. कपडे उलटे करून सावलीत वाळवा. सुई, दोरा आणि चार बटणे खोलीत ठेवा. उसवलेली शिवण त्याच दिवशी टीप मारून घेतली तर दोन इंचांवर थांबते. शर्ट खांद्यात बसतो की नाही ते पाहण्याची पद्धत पाचोऱ्याच्या शिक्षिकांना वर सांगितली आहे, ती तुम्हालाही लागू आहे. राहिलेल्या पैशांतून बुटांवर हात आखडता घेऊ नका. पावसाळ्यात कापडी बूट दोन दिवस वाळत नाहीत आणि तसेच घातले की सगळ्या खोलीला त्याची खबर लागते.

प्रश्न : ड्रेसचे कापड शिवायला देण्यापूर्वी भिजवणे खरेच आवश्यक आहे का? आमचा शिंपी गरज नाही म्हणतो. (एक वाचिका, चोपडा)

उत्तर : सुती आणि रेयॉन कापड असेल तर आवश्यक आहे, पॉलिएस्टरला नाही, आणि आपल्या शिंप्याकडे बहुधा तेच जास्त येत असावे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकते, म्हणजे अडीच मीटरमध्ये चार टक्के धरले तरी दहा सेंटिमीटर गेले, आणि मीटरभर उंचीच्या कुर्त्याच्या वाट्याला त्यातले चार येतात. कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावे, गडद रंग वेगळा भिजवावा, न पिळता सावलीत पसरावे आणि किंचित दमट असताना इस्त्री करून मगच द्यावे. कापड भिजवणाऱ्या बायकासुद्धा अस्तर कोरडेच देतात. पहिल्या धुण्यात ते आतून आटते, वरचे कापड आटत नाही, आणि शिवणीच्या कडेने सगळा कुर्ता चुण्या पडल्यासारखा ओढला जातो. साडीच्या फॉलचेही तेच, म्हणून फॉलची पट्टी आणली की पिकोला टाकण्याआधी तीही भिजवून घ्यावी.